३५० फेम्टोसेकंदाचा लेसर असूनही ३०४ च्या पत्र्यात भोकाची कड निळी का पडते?

प्रश्न: भोसरी_मायक्रो

नमस्कार मंडळी. काम असं आहे: ३०४ स्टेनलेसचा ०.२ मिमी जाडीचा पत्रा, त्यात १०० मायक्रॉनची भोकं, पिच (शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर) ०.४ मिमी, एका प्लेटवर २००० भोकं. गाळणीची जाळी आहे, म्हणून वरच्या आणि खालच्या व्यासात १० मायक्रॉनपेक्षा जास्त फरक चालणार नाही. बर (कडेला चिकटून राहिलेला धातू) नको आणि रंगही नको.

मशीन: यटर्बियमचा लेसर, १०३० नॅनोमीटर, पल्स ३५० फेम्टोसेकंद, सरासरी पॉवर २० वॅट. १ मेगाहर्ट्झला पल्समागे २० मायक्रोज्यूल मिळतात, २०० किलोहर्ट्झला १०० मायक्रोज्यूलपर्यंत जाता येतं. त्यापुढे १० मिमी अपर्चरचा गॅल्व्हो (बीम फिरवणारी आरशांची जोडी) आणि १६३ मिमीची एफ-थीटा लेन्स (बीम पत्र्यावर एकवटणारी). गॅल्व्होवर बीम ५ मिमीचा पडतो, एम-स्क्वेअर (बीमची गुणवत्ता, आदर्श बीमला १) १.२.

सध्याची सेटिंग: १ मेगाहर्ट्झ, पूर्ण पॉवर, वेग २०० मिमी प्रति सेकंद, गोल फिरवून ट्रेपॅनिंग, एक भोक पूर्ण झालं की पुढचं. पत्र्याखाली अ‍ॅल्युमिनियमची प्लेट टेकवलेली आहे.

दिसतं ते असं: भोकाभोवती साधारण १५० मायक्रॉनचा निळा-जांभळा पट्टा, खालच्या कडेला घट्ट चिकटलेला बर. वरचा व्यास कुठे ९५, कुठे ११०. खालचा ७० ते ८०, आणि तोही लंबगोल. एवढ्या आखूड पल्सला उष्णता लागतच नाही असं ऐकलं होतं. मग आता काय करायचं, पल्स आणखी आखूड घ्यायची की हिरव्या तरंगलांबीवर जायचं?

उत्तर १: पल्सगणित

दोन्ही नको. आहे त्याच लेसरवर हे काम होईल. पल्सची लांबी इथे गुन्हेगार नाही. सगळी २० वॅट पॉवर एका १०० मायक्रॉनच्या जागेत ओतली जातेय, तिथे घोळ आहे.

आधी रंगाकडे बघा, तो फुकटचा थर्मामीटर आहे. ३०४ हवेत तापलं की २९० अंशांच्या आसपास फिकट पिवळा रंग येतो, ३९० ला तपकिरी, ४५० ला गडद जांभळा आणि ५४० ते ६०० ला निळा. म्हणजे तुमच्या भोकापासून दीडशे मायक्रॉनपर्यंत पत्रा साडेपाचशे अंशांवर गेलाय.

आता हिशेब. ३५० फेम्टोसेकंदात प्रकाश इलेक्ट्रॉन शोषून घेतात, आणि ती ऊर्जा स्टीलच्या जाळीला मिळायला काही पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) लागतात. त्यामुळे एका पल्सपुरता वितळलेला थर फारच पातळ राहतो, हे खरंच आहे. पण पडलेल्या ऊर्जेतला मोठा वाटा, स्टीलमध्ये ढोबळ तिसरा हिस्सा ते ४० टक्के, उडून न जाता उष्णता म्हणून मागे राहतो. पल्स कितीही आखूड केली तरी हा हिस्सा शून्य होत नाही.

तुमच्या २० वॅटमधून ८ वॅट पत्र्यात राहिले असं धरा. ३०४ ची उष्णतावाहकता फक्त १६ वॅट प्रति मीटर-केल्विन, जाडी ०.२ मिमी. पत्र्यातून बाजूला वाहून जाणाऱ्या उष्णतेचं साधं गणित केलं (पॉवर भागिले २ पाय (π) गुणिले वाहकता गुणिले जाडी, गुणिले बाहेरच्या आणि आतल्या त्रिज्येच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग), बाहेरची त्रिज्या १० मिमी आणि आतली ५० मायक्रॉन धरली, तर तापमानवाढ २००० अंशांच्या वर येते. ३०४ वितळतं १४०० ते १४५० ला. प्रत्यक्षात भोक आरपार झाल्यावर बराचसा प्रकाश खाली निघून जातो आणि स्थिर तापमानाला पोचायच्या आत भोक संपतं, म्हणून सगळा पत्रा वितळत नाही, पण दिशा कळते. हेच गणित ०.३ वॅटला केलं तर वाढ जेमतेम ३०-३५ अंश येते.

दुसरी गोष्ट दोन पल्समधला वेळ. तुमचा स्पॉट: ४ गुणिले १.२ गुणिले १.०३ मायक्रॉन गुणिले १६३, भागिले पाय गुणिले ५, म्हणजे ५१ मायक्रॉन व्यास, त्रिज्या साडेपंचवीस. ३०४ ची उष्णता-विसरणशीलता ४ चौरस मिमी प्रति सेकंद. त्रिज्येचा वर्ग भागिले चार पट विसरणशीलता केलं की येतात ४१ मायक्रोसेकंद. एवढा वेळ त्या जागेला निवायला हवा, आणि तुमची पुढची पल्स १ मायक्रोसेकंदात येतेय. २०० मिमी प्रति सेकंद वेगाला दोन पल्समधलं अंतर ०.२ मायक्रॉन, म्हणजे एकाच जागेवर अडीचशे पल्सेस लागोपाठ. तापल्या तव्यावर पाणी शिंपडत राहिलं तरी तवा निवत नाही, तसंच हे: अब्लेशन, म्हणजे धातू उडून जाणं, थोडी उष्णता घेऊन जातं, पण मागे राहणारी जास्त असते. स्टीलवर पृष्ठभागाचं साचलेलं तापमान ६०० अंशांच्या आसपास गेलं की तळ गुळगुळीत राहत नाही, फोडी उठल्यासारखा खडबडीत होतो. तुमची निळी कड नेमकी त्याच पट्ट्यात आहे.

तिसरी गोष्ट फ्लुएन्स, म्हणजे दर चौरस सेंमीवर पडणारी पल्सची ऊर्जा. गॉसियन बीमचा शिखर फ्लुएन्स म्हणजे दुप्पट ऊर्जा भागिले पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग. तुमचा १.९ ज्यूल प्रति चौरस सेंमी येतो. अनेक पल्सेस पडत असताना स्टीलचा थ्रेशोल्ड, म्हणजे धातू उडायला लागतो तो फ्लुएन्स, ०.१ च्या आसपास धरतात. एका वॅटमागे सर्वांत जास्त धातू तेव्हा निघतो, जेव्हा शिखर फ्लुएन्स थ्रेशोल्डच्या ई-वर्ग पट, म्हणजे ७.४ पट असतो. म्हणजे ०.७४. तुम्ही त्याच्या अडीचपट वर आहात, आणि वरची ऊर्जा जास्त करून उष्णता होते. उथळ खोदकामात ०.७४ ला चिकटून राहावं. भोकात भिंत तिरकी असल्यामुळे तीच ऊर्जा मोठ्या क्षेत्रावर पसरते, म्हणून तिथे दीड ते अडीच ज्यूल लागतात, पण ते लहान स्पॉटवर.

म्हणून पहिला बदल ऑप्टिक्समध्ये करा. बीम एक्स्पांडर लावून गॅल्व्होवर ७ मिमी बीम घ्या (१० मिमीच्या अपर्चरमध्ये ७ मिमी घातला तर कापली जाणारी पॉवर २ टक्क्यांच्या आत राहते, ८ केला तर ४ टक्क्यांवर जाते) आणि १०० मिमीची टेलिसेंट्रिक (बीम सगळीकडे सरळ खाली पाडणारी) एफ-थीटा लेन्स घ्या, फ्यूज्ड सिलिकाची. स्पॉट २२ मायक्रॉनचा होईल. आता निवायचा वेळ साडेसात मायक्रोसेकंद. १०० किलोहर्ट्झला पल्स दर १० मायक्रोसेकंदांनी येते, म्हणजे आधीच्या पल्सची उष्णता बरीच पांगलेली असते. सर्वोत्तम फ्लुएन्सला लागणारी ऊर्जा फक्त १.४ मायक्रोज्यूल. भोकासाठी ३ ने सुरुवात करा आणि ५ च्या वर जाऊ नका. रेले लांबी (फोकसपासून बीम बारीक राहतो ते अंतर) साधारण ०.३ मिमी, म्हणजे ०.२ च्या पत्र्याला पुरेशी.

वर्तुळाचा वेगही बघा. तुमचं बीमच्या केंद्राचं वर्तुळ ५० मायक्रॉन व्यासाचं, परीघ १५७ मायक्रॉन. २०० मिमी प्रति सेकंद म्हणजे सेकंदाला जवळजवळ १३०० फेरे. इतक्या वारंवारितेला गॅल्व्हो सांगितलेलं वर्तुळ पूर्ण काढत नाही, त्रिज्या आक्रसते, आणि एक्स आणि वाय आरशांचं वजन वेगळं असल्यामुळे दोन्ही अक्ष सारखे आक्रसत नाहीत. वरचा व्यास ९५ ते ११० असा भटकतो त्याचं हे मोठं कारण. नव्या स्पॉटला केंद्राचं वर्तुळ ७८ मायक्रॉनचं, परीघ २४५. सेकंदाला ३०० फेरे धरा, म्हणजे वेग ७४ मिमी प्रति सेकंद. पल्सचं अंतर ०.७४ मायक्रॉन, एका जागी सुमारे ३० पल्सेस. फक्त बाहेरचं वर्तुळ फिरवलंत तर मधली चकती सुटते, कलते आणि भिंतीला चिकटते. म्हणून आतून बाहेर तीन-चार समकेंद्री वर्तुळं घ्या आणि शेवटची फेरी बाहेरच्यावर.

उत्तर २: मापपट्टी

वरचं सगळं गणित स्पॉटच्या व्यासावर उभं आहे, आणि कॅटलॉगवरून काढलेला स्पॉट प्रत्यक्षात क्वचितच तेवढा निघतो. लेन्सच्या आधी एखादा आरसा किंचित ताणाखाली बसवलेला असला तरी स्पॉट अंडाकृती होतो. आधी मोजा. १९८२ साली लिउ यांनी मांडलेली रीत वर्कशॉपमध्ये सहज जमते.

पॉलिश केलेला स्टीलचा तुकडा घ्या. पल्स पिकरने (मधल्या पल्सेस गाळणारा भाग) १ किलोहर्ट्झवर या, वेग २०० मिमी प्रति सेकंद ठेवा, म्हणजे प्रत्येक पल्सचा डाग २०० मायक्रॉनवर सुटा पडेल. ऊर्जा १ ते २० मायक्रोज्यूलमध्ये आठ-दहा पायऱ्यांत बदला. ऊर्जा लेन्सच्या नंतर मोजायची, लेसरच्या पडद्यावरचा आकडा घ्यायचा नाही, मधल्या आरशांत आणि एक्स्पांडरमध्ये १० ते १५ टक्के सहज जातात. मायक्रोस्कोपखाली डागांचे व्यास मोजा. व्यासाचा वर्ग उभ्या अक्षावर, ऊर्जेचा नैसर्गिक लॉग आडव्यावर. सरळ रेष मिळते, तिचा चढ म्हणजे स्पॉटच्या त्रिज्येच्या वर्गाची दुप्पट. रेष जिथे शून्याला मिळते ती थ्रेशोल्ड ऊर्जा. साडेपंचवीस मायक्रॉन त्रिज्येला चढ १३०० चौरस मायक्रॉन यायला हवा, ११ ला २४२. बिंदू रेषेवर न बसता वरच्या टोकाला वाकले, तर बीमला शेपूट आहे किंवा फोकस हललाय.

हा आकडा एका पल्सचा आहे. पल्सेस वाढल्या की थ्रेशोल्ड उतरतो, कारण प्रत्येक पल्स जागा थोडी खराब करून ठेवते. म्हणून तीच चाचणी एका जागी १०, १०० आणि १००० पल्सेस देऊन पुन्हा करा.

याचा भोकाच्या मापाशी थेट संबंध आहे. फ्लुएन्स थ्रेशोल्डच्या ७.४ पट असला की डागाचा व्यास बरोबर स्पॉटच्या व्यासाइतका येतो, २२ मायक्रॉन. ५ मायक्रोज्यूलवर गेलात तर तोच डाग २८ चा होतो. ऊर्जा वाढवली आणि वर्तुळ तेवढंच ठेवलं, की भोक ६ मायक्रॉननी मोठं येणार. १० मायक्रॉनच्या टॉलरन्सला हे सोडून चालत नाही.

फोकस शोधायला झेडमध्ये ५० मायक्रॉनच्या पायरीने रेघा मारा, ऊर्जा थ्रेशोल्डच्या दीड-दोन पटच ठेवा. पूर्ण पॉवरवर सगळ्याच रेघा जाड येतात आणि मधली कुठली ते कळत नाही.

उत्तर ३: येनाकर

पल्सगणित यांनी सांगितलेली दिशा बरोबर आहे. दोन-तीन गोष्टी लेसरच्या बाजूने जोडतो.

पल्स खरोखर ३५० फेम्टोसेकंदाची आहे का, ते कामाच्या जागी तपासा. तुमच्या लेसरमध्ये पल्स आधी लांबवतात, मग तिची ताकद वाढवतात आणि शेवटी ग्रेटिंगच्या जोडीत पुन्हा दाबतात. डोना स्ट्रिकलँड आणि जेरार मुरू यांनी १९८५ साली रॉचेस्टरला केलेली हीच ती चर्प्ड पल्स अ‍ॅम्प्लिफिकेशनची रीत, २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा याच कामासाठी होता. शेवटचा कॉम्प्रेसर थोडा सरकला तर पॉवर मीटरवर काहीच फरक दिसत नाही, पण पल्स काही पिकोसेकंदांची झालेली असते. ऑटोकोरिलेटर (पल्सची लांबी मोजणारं यंत्र) असेल तर ३५० फेम्टोसेकंदाला वक्राची रुंदी साधारण ५४० दिसायला हवी (सेक-वर्ग आकार धरून, भागाकार १.५४ ने). नसेल तर पातळ बीबीओ स्फटिकातून कमी पॉवरचा बीम सोडा, कॉम्प्रेसरची मोटर हलवत हिरवा प्रकाश कुठे सर्वांत जास्त होतो ते बघा. तिथे पल्स सर्वांत आखूड.

लेन्स आणि एक्स्पांडरच्या काचेने पल्स फाकेल ही भीती मात्र ठेवू नका. ५० मिमी फ्यूज्ड सिलिका मध्ये आली तरी ३५० फेम्टोसेकंदाच्या पल्सला काही होत नाही. ५० फेम्टोसेकंदाची असती तर ती ७० च्या वर गेली असती. कारखान्यात १० पिकोसेकंद ते ३०० फेम्टोसेकंद हाच पट्टा टिकला, त्याचं हेही एक कारण.

दुसरं, पहिली पल्स. गेट बंद असताना अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ऊर्जा साठत राहते, आणि गेट उघडलं की पहिल्या काही पल्सेस नेहमीपेक्षा मोठ्या निघतात. प्रत्येक भोकाच्या सुरुवातीला वरच्या कडेवर एकाच बाजूला खोल खाच दिसत असेल तर हेच. ‘फर्स्ट पल्स सप्रेशन’ चालू आहे का बघा. नाहीतर लेसर सतत चालू ठेवून बाहेरच्या अकूस्टो-ऑप्टिक मॉड्युलेटरने बीम उघड-बंद करा. बंद स्थितीत त्यातून किती गळतंय तेही मोजा. बंद असतानाही पूर्ण पॉवरच्या एक टक्का येत असेल, तर एका भोकावरून दुसऱ्यावर जाताना पत्र्यावर फिकट रेघ उमटते.

हिरव्या प्रकाशाबद्दल: ५१५ नॅनोमीटरला स्पॉट निम्मा होतो, पण रूपांतरात ४० ते ५० टक्के पॉवर जाते आणि स्फटिकाची देखभाल गळ्यात पडते. १०० मायक्रॉनच्या भोकाला गरज नाही. २० मायक्रॉनचं भोक असतं तर मीच ५१५ सुचवलं असतं.

बर्स्ट मोड (एका पल्सऐवजी पाठोपाठ पल्सेसचा झुबका) असेल तर या कामासाठी बंद ठेवा. २० नॅनोसेकंदांनी मागून येणारी दुसरी पल्स पहिलीने उडवलेल्या ढगात अडकते, स्टीलमध्ये निघणारा धातू पल्समागे घटतो. बर्स्टचा उपयोग खोदकामाच्या शेवटी तळ गुळगुळीत करायला होतो. गिगाहर्ट्झ बर्स्टवर अंकारातल्या बिलकेंट विद्यापीठाच्या गटाने २०१६ साली ‘अब्लेशन कूलिंग’ची कल्पना मांडली आणि त्यावर पुष्कळ काम झालं. पण धातूत, योग्य फ्लुएन्सच्या एकेरी पल्सशी तुलना केली की फायदा बहुतेक वेळा उरत नाही, आणि भिंतीवर वितळलेला थर जास्त राहतो. तुम्हाला बर नको आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

उत्तर ४: टेपर_शून्य

लंबगोल आणि टेपर (भोकाच्या भिंतीचा तिरकेपणा) यांवर कोणी पुरेसं लिहिलं नाही.

वरची बाजू गॅल्व्होमुळे बिघडते, पण खालचं भोक लंबगोल होण्याचं नेहमीचं कारण पोलरायझेशन, म्हणजे प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा. लेसरमधून बीम सरळ पोलराइझ्ड निघतो. खोल भोकाच्या भिंतीवर प्रकाश फार तिरका पडतो आणि तिथे दोन दिशांच्या पोलरायझेशनचं परावर्तन खूप वेगळं असतं. एका दिशेच्या भिंती जास्त शोषतात, दुसऱ्या दिशेच्या प्रकाश खाली ढकलतात. परिणामी तळाशी आकार ताणला जातो. खात्री करायची तर पत्रा जागच्या जागी ९० अंश फिरवून भोक मारा. लंबवर्तुळ मशीनच्या अक्षांच्या मानाने तसंच राहिलं तर दोष बीम किंवा गॅल्व्होचा. पत्र्याबरोबर फिरलं तर पत्र्याचा. मग बीमच्या वाटेत हाफ वेव्ह प्लेट घालून ४५ अंश फिरवा: पोलरायझेशन ९० अंश फिरतं. त्याबरोबर लंबवर्तुळ फिरलं, की निदान पक्कं.

उपाय म्हणजे पोलरायझेशन गोलाकार करणारी क्वार्टर वेव्ह प्लेट, पोलरायझेशनच्या दिशेशी ४५ अंशांत. ती शक्यतो गॅल्व्होच्या अगदी आधी बसवा, कारण ४५ अंशातले डायइलेक्ट्रिक आरसे गोलाकार पोलरायझेशन बिघडवू शकतात. बसवल्यावर लेन्सखाली पोलरायझर फिरवत पॉवर बघा. कमाल आणि किमान यांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा.

आता टेपर. नुसत्या गॅल्व्होने सरळ बीमखाली भिंत आपोआप तिरकी होत जाते, तिच्यावर पडणारा फ्लुएन्स थ्रेशोल्डला येऊन टेकला की तिथेच थांबते. तुमचं वर १०० आणि खाली ८० म्हणजे एका बाजूला २.९ अंश. ग्राहकाला १० मायक्रॉनचा फरक चालतो, म्हणजे १.४ अंश. ऊर्जा थोडी वाढवून, फोकस पत्र्याच्या मध्यावर किंवा त्याहून ५० मायक्रॉन खाली नेऊन आणि आरपार झाल्यावरही बाहेरच्या वर्तुळावर ५० ते १०० फेऱ्या जास्त मारून १.५ अंशांच्या जवळ पोचता येतं. पण हे टॉलरन्सच्या काठावर चालणं आहे, पत्र्याची जाडी ५ मायक्रॉननी बदलली तरी माल नापास होऊ शकतो. दोन हजारातलं प्रत्येक भोक बसायला हवं असेल तर बीम तिरका करून फिरवणारं प्रिसेशन हेड किंवा फिरत्या वेज प्रिझमचं हेलिकल ड्रिलिंग हेड लागतं. त्यात सरळ भिंत मिळते आणि खाली रुंद होणारं भोकही काढता येतं. किंमत मोठी आहे, म्हणून ग्राहकाला आधी विचारा: गाळणीत रुंद बाजू प्रवाहाच्या कुठल्या अंगाला बसणार आहे? अरुंद तोंड प्रवाहाच्या बाजूला ठेवलं की अडकलेला कण आत रुतत नाही, आणि मग थोडा टेपर त्यांना हवासाच असतो. मापाची अट ड्रॉइंगवर कुठल्या बाजूला लिहायची एवढाच प्रश्न उरतो.

पत्र्याखालची ती अ‍ॅल्युमिनियम प्लेट आजच काढा. आरपार गेलेला बीम तिला खोदतो आणि उडालेलं अ‍ॅल्युमिनियम तुमच्या खालच्या कडेवर येऊन बसतं. बरातला बराचसा भाग तोच असणार. फ्रेममध्ये पत्रा ताणून धरा आणि खाली किमान १० मिमी मोकळी जागा ठेवा. फोकसच्या १० मिमी खाली बीम इतका पसरलेला असतो की काही खोदू शकत नाही.

भोसरी_मायक्रो

सर्वांचे मनापासून आभार. प्लेट काढतो, क्वार्टर वेव्ह प्लेट आणि १०० ची लेन्स मागवतो. एक अडचण उरते. ३ मायक्रोज्यूल गुणिले १०० किलोहर्ट्झ म्हणजे ०.३ वॅट. २० वॅटचा लेसर घेऊन ०.३ वर चालवायचा म्हटलं तर मालक ऐकणार नाहीत. भोकामागे किती वेळ लागेल, आणि उरलेली पॉवर कशी वापरायची?

उत्तर ५: पल्सगणित

भोकाचं आकारमान ०.००१६ घन मिमी. चांगल्या सेटिंगला स्टील एका वॅटमागे मिनिटाला ०.२ घन मिमीच्या आसपास निघतं. ०.३ वॅटला हिशेबाने दीड सेकंद. खोल भोकात भिंतीवर वाया जाणारं आणि शेवटच्या साफसफाईच्या फेऱ्या धरून ३ ते ५ सेकंद धरा. ४ सेकंदांनी २००० भोकांना सव्वादोन तास.

पॉवर वाढवायची ती एका भोकात नाही, जास्त भोकांत वाटून. डिफ्रॅक्टिव्ह बीम स्प्लिटर गॅल्व्होच्या आधी लावला की एकाच वेळी चार किरण, गॅल्व्हो चारहींना सारखंच फिरवतो. मोह होतो तो ४ बाय ४ चा, पिच ०.४ मिमी, एका फटक्यात सोळा भोकं. तो टाळा. सोळा गुणिले ०.३ म्हणजे जवळजवळ ५ वॅट दीड मिमीच्या चौकोनात, आणि आधीच्याच गणिताने मधला भाग २०० अंशांच्या वर तापतो. पत्रा फुगतो, फोकस आणि पिच दोन्ही सरकतात. त्यापेक्षा एका ओळीत चार, २ मिमी अंतरावर, म्हणजे तुमच्या पिचच्या बरोबर पाचपट. १०० मिमीच्या लेन्सला हा कोन १.१५ अंश होतो. तापमानवाढ ६० अंशांच्या आसपास राहते. पल्समागे १२ मायक्रोज्यूल पत्र्यावर हवेत, स्प्लिटरमध्ये २० टक्के जातात असं धरून आधी १५ लागतील. तुमच्या लेसरला ते काहीच नाही. सव्वादोन तासांचा अर्धा-पाऊण तास होतो.

स्प्लिटर मागवताना चार किरणांतला फरक ५ टक्क्यांच्या आत मागा, कारण ऊर्जेतला फरक थेट व्यासात उतरतो. किरणांची संख्या सम असली की शून्य क्रमाचा किरण मधे नको असलेला उरतो, त्याची ऊर्जा थ्रेशोल्डच्या खाली आहे ना ते तपासा.

याशिवाय क्रम बदला. एक भोक संपवून पुढे जाण्याऐवजी ५०-६० भोकांचा गट घ्या, प्रत्येकावर २० फेऱ्या, मग पुढच्यावर, असं गटाच्या आरपार जाईपर्यंत. शेजारी-शेजारी न जाता एक सोडून एक. प्रत्येक उडीला स्थिरावायला अर्धा ते एक मिलिसेकंद द्या, नाहीतर पहिली फेरी तिरकी पडते. पूर्ण २००० चा एकच गट करू नका: तासाभरात गॅल्व्होचं तापमान बदलतं, जागा काही मायक्रॉननी सरकते, आणि परत येताना बीम भोकाच्या मधोमध न पडता कडेवर पडतो. हे व्यवस्थित बसलं की रेप रेट (सेकंदाला पडणाऱ्या पल्सेस) २०० किलोहर्ट्झपर्यंत नेऊन बघायला हरकत नाही, कडेचा रंग बघत बघत. फिकट पिवळा दिसला की मागे या.

उत्तर ६: येनाकर

मालकांना एवढंच दाखवा की मोठ्या उत्पादनातही गणित असंच केलं जातं. पेट्रोल इंजेक्टरची भोकं आखूड पल्सच्या लेसरने लाखोंनी पाडायला सुरुवात झाली, ती लेसरची पल्स, ऑप्टिक्स आणि धातूतली उष्णता यांवर बॉश, ट्रुम्फ आणि इथलं, म्हणजे जर्मनीतलं, येना विद्यापीठ व फ्राउनहोफरची संस्था यांनी बरीच वर्षं एकत्र काम केल्यावर. त्या कामाला २०१३ चा जर्मन राष्ट्राध्यक्षांचा ‘डॉइचर त्सुकुन्फ्ट्सप्राइस’ मिळाला. पॉवर किती आहे यापेक्षा ती कुठे आणि कधी पडते यावर सगळं काम होतं.

सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट, कारण तुम्ही स्पॉट लहान करताय. फेम्टोसेकंद पल्सने धातूवर बनणाऱ्या प्लाझ्मातून मऊ क्ष-किरण निघतात. जर्मनीच्या नियमांत १० चा १३ वा घात वॅट प्रति चौरस सेंमी ही तीव्रता महत्त्वाची सीमा मानली आहे. २२ मायक्रॉनच्या स्पॉटवर ५ मायक्रोज्यूलला तुम्ही ७ गुणिले १० चा १२ वा घात इथे, म्हणजे सीमेच्या आत. पण त्याच लेन्सखाली चुकून २० मायक्रोज्यूल सुटले तर पावणेतीन पट वर. कंट्रोलरमध्ये ऊर्जेची कमाल मर्यादा कुलूपबंद करा, ऑपरेटरला ती बदलता येऊ नये. मशीनचं आवरण एक-दोन मिमी स्टीलचं असू द्या आणि बघण्याची खिडकी अ‍ॅक्रिलिकची नको, कॅमेरा लावा. ५ च्या वर कामच करायचं ठरलं तर आधी मोजणी करून घ्या.

उत्तर ७: टेपर_शून्य

धूळ. निघणारी पूड नॅनोमीटरच्या मापाची असते, त्यात क्रोमियम आणि निकेल असतं. साध्या फिल्टरने भागत नाही, एच-१४ दर्जाचा हेपा आणि त्यामागे सक्रिय कार्बन लावा. सक्शनचं तोंड भोकापासून २०-३० मिमीवर, आणि समोरच्या बाजूने आडवा मंद हवेचा झोत. झोत वरून खाली सोडलात तर पूड भोकात कोंबली जाते आणि पुढच्या पल्सेस तिच्यातच अडकतात. लेन्सखालची संरक्षक काच रोज बघा: तिच्यावर बसलेल्या एका डागानेही फोकस हलतो.

काम झाल्यावर कडेचा काळेपणा धूळ आहे की ऑक्साइड, हे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसलं की कळतं. धूळ निघते, ऑक्साइडचा रंग राहतो. धुळीला अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ५ मिनिटं पुरेत. रंग राहिला तर सायट्रिक आम्लाचं पिकलिंग करता येतं, बर राहिला तर इलेक्ट्रोपॉलिश. पण इलेक्ट्रोपॉलिशने भोक सगळीकडून मोठं होतं: बाजूला २ मायक्रॉन निघाले तर व्यास ४ ने वाढतो, तेवढं वर्तुळ आधीच लहान ठेवावं लागेल. निळ्या रंगाला मात्र पिकलिंगवर सोडू नका. रंग गेला तरी त्याखालचा क्रोमियम कमी झालेला थर राहतो, आणि जाळी पाण्यात जाणार असेल तर गंज पहिल्यांदा तिथेच धरतो.